जाळ्यातला गोंडा

आमच्या बाळकुमच्या घरामागे जी जागा उरलीय तिला मी बाग म्हणत नाही. म्हणायला लाज वाटते. विहीर बुजवली, तिच्या अलीकडे मोरी आली, आणि मोरीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत एक वाफा राहिला. भिंतीपलीकडे टॉवर. एक झाला, दुसरा झाला, आता तिसऱ्याचं चाललंय. पूर्वी तिकडे भाताची शेतं होती आणि वारा यायचा तो सगळीकडून यायचा, थोडा थोडा. आता तो दोन टॉवरच्या मधून येतो आणि नेमका माझ्या वाफ्यावर आपटतो. मेल्याला दुसरीकडे जायला वाटच ठेवलेली नाही.

त्या वाफ्यात गोंडा असतो. गोंडा म्हणजे झेंडूच, पण आमच्याकडे गोंडाच म्हणतात. दसऱ्याला कुंड्यांतून विकायला येतो तो बुटका नव्हे. हा माझ्या छातीला लागतो, आणि फूल मुठीएवढं, पिवळंधमक. बी माझ्या मुलाने कुठून तरी मिळवलेलं. कामावरून आला की आधी मागे जायचा, मग चहा. मी ओरडायचे, चहाचं पाणी झालं रे, फुलांना पाजू का हा? तो मागूनच म्हणायचा, "साखर घातलीयस का? मग नको, मुंग्या येतील."

उंच फुलाला आधार द्यायचा तो पडल्यावर नाही, पडायच्या आधी, असं तो सांगायचा. रोप वीतभर असतानाच शेजारी काठी रोवायची, कारण नंतर रोवली की मुळं फाटतात. येऊरच्या बायका कारवीच्या काठ्या घेऊन यायच्या, त्या तो घ्यायचा. बांधायला सुतळी नको, नायलॉन तर नकोच, दांडा कापतं. माझी जुनी सुती साडी फाडून चिंध्या करायच्या. चिंधी आठाच्या आकड्यासारखी फिरवायची, एक वेढा काठीला, एक झाडाला, आणि मध्ये बोट जाईल एवढी ढील. "झाडाला हलता आलं पाहिजे आई. घट्ट बांधलं की ते जोरच धरत नाही." माझ्या चांगल्या साड्यासुद्धा त्याने अशाच संपवल्या. विचारलं तर म्हणायचा, जुनीच होती. जुनी काय, डोंबल! एक तर मी लग्नाला नेसून जायला ठेवलेली.

मग काठ्यांचा कंटाळा आला म्हणून त्याने बापाचं जाळं मागितलं.

माझा नवरा खाडीवर जायचा. त्याचा बाप जायचा, आजा जायचा. मग खाडीत मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त मिळायला लागलं, तेव्हा ह्यांनी होडी सोडली आणि भिंतीपलीकडच्या पहिल्या टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. गुडघे गेले तेव्हा तेही सुटलं. होडी विकली, वल्ही चुलीत गेली, पण एक जाळं माळ्यावर गुंडाळून ठेवलेलं होतं. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. साफसफाई करताना मी ते जरा सरकवलं तरी ओटीवरून आवाज यायचा, "राहू दे गो तिथंच."

मुलाने मागितलं तेव्हा हे हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. सकाळी उठून बघते तर जाळं वाफ्याशेजारी सोडून ठेवलेलं. मुलाने चार बांबू ठोकले आणि ते जाळं वाफ्यावर आडवं ताणलं, गुडघ्याएवढ्या उंचीवर, खाटेच्या नवारीसारखं. रोपं त्याच्या मोठ्या भोकांतून वर आली. वारा आला की सगळी एकमेकांच्या आधाराने झुकायची आणि पुन्हा उभी राहायची. त्या वर्षी एक दांडा मोडला नाही. बापलेक ओटीवर बसून चहा पीत वाफ्याकडे बघत बसायचे, आणि बोलायचे काहीच नाहीत. मला त्यांचा राग यायचा. आता वाटतं, बसा रे, बसून राहा.

त्याला ताप आला तो भाद्रपदात, झाडं कळीवर येत होती तेव्हा. रविवार होता. मी म्हटलं दवाखान्यात नेऊ या. हे म्हणाले, "रविवारी कोण डॉक्टर बसलाय, उद्या नेऊ. ताप हाय, उतरंल." आणि उतरला की! संध्याकाळी उतरला, तो उठून मागे जाऊनसुद्धा आला, एक काठी सरळ केली. आम्हाला वाटलं गेला ताप. आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं की डेंग्यूच्या तापात उतरल्यावरच खरं भय असतं. पुढचं मी लिहीत नाही. ठाण्याच्या हॉस्पिटलातून त्याला आणला तेव्हा वाफा पिवळा व्हायला लागलेला.

आमच्यात नोव्हेंबरच्या दोन तारखेला मेलेल्यांचा दिवस असतो. सगळा गाव सिमेट्रीत जातो. आधी गवत काढायचं, क्रूस धुवायचा, मेणबत्त्या लावायच्या, फुलं वाहायची, मग फादर प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडत जातात. लोक पाकळ्यांचा क्रूस काढतात, हार घालतात. पहिल्या वर्षी मी तसलं काही केलं नाही. त्याचे गोंडे मुळाजवळून कापले, अख्ख्या दांड्यासकट, आणि त्याच्यावरच्या मातीत एकेक करून उभे रोवले. त्यानेच पेरलेले होते ते. लांबून बघणाऱ्याला वाटावं की तिथेच उगवलेत. बायका थांबून थांबून बघत होत्या. माझी मुलगी शहाडला दिलेली, ती रडत रडत म्हणाली, "आई, त्याला आवडलं असतं." हे आले नव्हते. पुरलं त्या दिवशी आले ते आले, नंतर सिमेट्रीची पायरी चढले नाहीत. कुणी काही म्हटलं की गुडघा दाखवायचे.

मी बी धरलं. फूल दांड्यावरच वाळू द्यायचं, मग चुरगळून बरणीत. दुसऱ्या वर्षी ते पेरलं, जाळं ताणलं, आणि पुन्हा तसाच उभा वाफा त्याच्यावर रोवला. मला वाटलेलं हे असंच चालेल, मी आहे तोवर.

पण आमच्या सिमेट्रीत जागा कुठे आहे? गावाची माणसं वाढली, टॉवरमध्ये बाहेरून आलेले आमच्यातले वाढले, आणि जमीन तेवढीच. मुदत संपली की कबर उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, वर छोटी संगमरवरी पाटी लावतात, आणि ती माती पुढच्या माणसाला देतात. सगळ्यांचं असंच होतं. माझ्या सासूचं झालं, आईचं झालं, तेव्हा मला काही वाटलं नाही, रीतच आहे म्हटलं. फादरांनी देवळात मिस्सा झाल्यावर मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की ह्या वर्षी तुमच्या मुलाची पाळी आहे, नोव्हेंबरची प्रार्थना होऊ द्या, मग उघडू. त्यांचा काय दोष! मी बरं म्हटलं आणि बाहेर येऊन चपला शोधायला लागले. त्या माझ्या पायातच होत्या.

म्हणजे मातीवर गोंडे रोवायचे ते हे शेवटचे. पुढे माती नाही.

त्या पावसाळ्यात मी त्या वाफ्याची जी सेवा केली ती पोटच्या पोराचीसुद्धा केली नसेल. शेणखत घातलं, शेंडे खुडले म्हणजे फुटवे येतील, जाळं रोपांबरोबर वर वर सरकवत नेलं. दसऱ्याला शेजारणीने फुलं मागितली तर मी तोंडावर नाही म्हटलं. "एवढी आहेत की गं!" म्हणाली. म्हटलं, मोजून आहेत. ती रुसली. रुसू दे. कळ्या अशा बेताने होत्या की महिना संपता संपता सगळा वाफा एकदम फुलणार होता. रोज सकाळी मी जाऊन बघायचे आणि मनात म्हणायचे, थांबा रे, घाई करू नका.

आणि परतीचा पाऊस आला. दुपारभर अंगाची लाही होत होती, मग येऊरच्या डोंगरामागून काळं झालं, आणि पाण्याच्या आधी वारा सुटला. टॉवरच्या बांधकामावरचं हिरवं कापड फाटून उडालं, पत्रा कुठेतरी धडाधड आपटत होता. मी मागच्या दारात उभी. जमीन आठवडाभराच्या सरींनी आधीच लोण्यासारखी झालेली. मला दिसलं, आधी एक बांबू वाकला, मग दुसरा उपसून आला, आणि जाळ्यासकट सगळा वाफा एका कुशीवर गेला. सगळाच्या सगळा. सुटी झाडं असती तर काही पडली असती, काही राहिली असती. जाळ्याने सगळ्यांना एकत्र धरलेलं, म्हणून सगळी एकत्र गेली. वरून पाऊस.

मी रडले नाही. मी टॉवरला शिव्या दिल्या. तोंडाला येतील त्या दिल्या, आणि मला पुष्कळ येतात.

मुलीचा शहाडहून फोन आला. तिकडे उल्हास नदीचं पाणी वाढलं की तिचा जीव वरखाली होतो, पण तिने आधी आम्हाला विचारलं, "आई, घरात पाणी आलंय का गं?" म्हटलं, घरात नाही, वाफा गेला. ती मग म्हणाली, "तू टेन्शन घेऊ नकोस. मी कल्याणच्या मार्केटमधून फुलं आणते ना, पाहिजे तेवढी आणते." मी म्हटलं, "तुझ्या मार्केटात दांडा मिळतो का? नुसती मुंडकी असतात टोपलीत."

पडलेल्या झाडाला लगेच हात लावायचा नसतो, हे मुलाने शिकवलेलं. ओलं असतं तेव्हा दांडा पाण्याने भरलेला असतो, काकडीसारखा कटकन मोडतो. एक ऊन खाऊ द्यायचं. मी ऊन पडेपर्यंत हात बांधून बसले. मग तांब्याने हळू पाणी सोडून पानांवरचा चिखल धुतला, कारण चिखल वाळला की पान गुदमरतं. उघड्या पडलेल्या मुळांवर माती ओढून पायाने नाही, हाताने दाबली. आणि बघते तर काय, पडल्या पडल्या शेंड्यांनी माना वर केलेल्या. सगळा दांडा चिखलात आणि फक्त वीतभर शेंडा आभाळाकडे. कुणी सांगितलं नाही, कुणी धरलं नाही. मला तेव्हा हुंदका आला. म्हटलं, जगायचंय रे तुम्हाला.

अशा वेळी झाड एकदम सरळ करायचं नसतं. आज थोडं उचलायचं, टेकू द्यायचा, उद्या आणखी थोडं. पण इथे जाळं आडवं येत होतं. प्रत्येक दांडा भोकात अडकलेला, त्याच्या फांद्या वरून पसरलेल्या, कळ्या पलीकडे. जाळं कापलं असतं तर एका सकाळचं काम होतं. मी कात्री घेऊन ओटीवर गेले. "अहो, जाळं कापू का?" त्यांनी कात्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उठून आत गेले. अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडले.

माझ्याने नाही कापवलं. ज्याचा पोरगाही गेला आणि खाडीही गेली, त्याचं उरलंसुरलं जाळं कुठल्या हाताने कापू? मी कात्री ठेवून दिली आणि हाताने सुरुवात केली. एक झाड घ्यायचं, त्याची पानं मुठीत गोळा करायची, लहान बाळाचा हात बाहीतून काढतात तसं फांदी फांदी करून भोकातून मागे घ्यायचं, मग काठी, मग चिंधी. कंबर मोडून यायची. पण कोपऱ्यातली काही झाडं सुटली, आणि काठीला टेकून उभी राहिली. वाकडी, पण उभी. एकाची कळी फुटायला आलेली. मी हिशेब केला की असंच रोज करत गेले तर होईल. होईल असं मला खरंच वाटलं.

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे रोजरीचा महिना. रोज संध्याकाळी एकेका घरी जमून जपमाळेवर रोजरी म्हणायची. त्या संध्याकाळी पलीकडच्या गल्लीत होती. मी हातापायांचा चिखल धुऊन गेले. लोक आजाऱ्यांसाठी मागत होते, नोकरीसाठी मागत होते. मी मनात देवमातेकडे एकच मागत होते, बये, दोन तारखेपर्यंत ऊन दे. दुसरं काही नाही. वाटाणे आणि चहा झाला, तोही मी घेतला नाही, घाईने घरी आले, कारण उजेड होता तोवर आणखी एखादं झाड सुटलं असतं.

मागच्या दारात पोचले आणि पाय तिथेच थांबले.

हे वाफ्याच्या कडेला उभे होते. गुडघा दुखतो म्हणून मोरीपर्यंत न जाणारा माणूस, पाय फाकवून, कंबरेत वाकून उभा. हातात जाळ्याची दोन टोकं, छातीपर्यंत ओढून घेतलेली. होडीत उभं राहून ओढायचे तसंच त्यांनी ते ओढलेलं, एका दमात. आणि जाळ्यात माझे गोंडे लटकत होते. काही मुळासकट उपटलेले, काही मधोमध मोडलेले, काहींची नुसती सालपटं. कळ्या चिखलात पडलेल्या. काठीला लावलेली कोपऱ्यातलीसुद्धा जाळ्याच्या कडेने झोडपली गेलेली.

त्यांना धाप लागलेली. मला बघून म्हणाले, "उभं करत होतो गो. तुझी कंबर..." आणि हातातल्या जाळ्याकडे बघून थांबले. त्यांना तेव्हाच दिसलं, मला वाटतं.

मला कळत होतं की ह्या माणसाने प्रेमापोटी केलं. आत पडल्या पडल्या दिवसभर माझं कण्हणं ऐकत असणार. जन्मभर एकच शिकलेला, भरलेलं जाळं हळू ओढलं की हातचं जातं, ओढायचं तर एका झटक्यात. हे सगळं मला त्याच क्षणी कळत होतं आणि तरी माझ्या तोंडून गेलं. "तेव्हा घाई करायची होती तर थांबलात! म्हणे उद्या नेऊ! आणि आता थांबायचं होतं तर ओढलंत! तुमच्या हाताला लागतं ते मरतं!"

थांबलो तेव्हा दोघंही होतो. मी काही त्या रविवारी पदर खोचून पोराला रिक्षात घातला नव्हता. ताप उतरला म्हणून मीच पेज केली होती, आणि त्याला आवडते म्हणून सुकटीची चटणी. पण हे मी बोलले नाही. ह्या दोन वर्षांत आम्ही दोघांनी त्या रविवाराचं नाव काढलेलं नव्हतं, आणि काढलं ते असं.

ते हळूच खाली बसले, गुडघा वाजला. कनवटीचा चाकू काढला, मासळीचा जुना, आणि जाळं कापायला लागले. मी सकाळी मागितलं होतं ते आता, सगळं संपल्यावर. एकेक गाठ कापायची, मोडलेला दांडा बाहेर काढायचा, शेजारी ठेवायचा. सगळं जाळं त्यांनी चिंध्या चिंध्या केलं. मग मोडलेले शेंडे घेऊन चिखलात खोचायला लागले. मी कुत्सित हसले. "आता काय शेती करताय?" तर मान वर न करता म्हणाले, "गोंडा हाय. लागतो." मी आत गेले. जेवण कुणीच केलं नाही.

दोन तारखेला माझ्याकडे जी चारदोन फुलं होती ती मी नेली. वाकड्या मानेची, दांड्याला काळे डाग. मुलीने कल्याणहून पिशव्या भरून आणलेल्या, तिने सगळी कबर झाकून टाकली, नारिंगी, पिवळी, पांढरी. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. पण आडवं होतं सगळं. माझे चार दांडे मी मधोमध रोवले तर ते त्या मुंडक्यांच्या ढिगात दिसेनातच. फादर आले, पाणी शिंपडलं, पुढच्या कबरीकडे गेले. मी मातीवर हात ठेवून बसले. मुलगी म्हणाली, "आई, चल ना आता, काळोख पडेल." मला त्याला सांगायचं होतं की रे, ह्या वेळी जमलं नाही. पण तोंड उघडलं तर किंकाळीच बाहेर आली असती.

कबर उघडायच्या दिवशी घरातलं कुणीतरी लागतं. मी तयार झाले, साडी नेसले, आणि दाराच्या चौकटीशी पाय उचलेना. हे उठले. चप्पल घातली आणि गेले. त्या गुडघ्याने, चालत. मी दिवसभर ओटीवर त्यांच्याच जागेवर बसून होते.

परत आले ते सरळ मागे जाऊन अंगावर पाणी घेतलं. मग येऊन माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "हलका होता गो."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"एवढासा पेटारा. एका हातानं उचलला मी." आणि हात पुढे करून त्याच्याकडे बघत बसले, जसं काही त्यात अजून काहीतरी आहे. मी तो हात धरला. जे मी बोलून गेले होते ते परत घेता येत नाही, पण हात धरला.

आणि ते चिखलात खोचलेले शेंडे लागले हो. सगळे नाहीत, पण पुष्कळ लागले. मोडलेल्या जागी मुळं फुटली, नवी पानं आली. ह्यांनी त्यांना काठ्या रोवल्या, चिंध्या मी फाडल्या, आठाचा आकडा ह्यांना मी शिकवला. पहिल्यांदा घट्ट बांधायचे. म्हटलं, बोट जाऊ द्या मध्ये, झाडाला हलता आलं पाहिजे. मान हलवायचे आणि सोडून परत बांधायचे. नाताळच्या तोंडावर वाफा फुलला. असा फुलला की टॉवरमधली माणसं गॅलरीतून वाकून फोटो काढायला लागली. वारा नाही, पाऊस नाही, एकही दांडा वाकडा नाही. त्या सगळ्या वर्षांत इतका सरळ वाफा माझ्याकडे कधी झाला नव्हता.

कोनाड्याच्या पाटीला खाली एक पितळी कडी असते, तिच्यात काचेची बोटभर नळी. एका फुलापुरती. रविवारच्या मिस्साआधी हे कोयती घेऊन वाफ्याशी उभे राहिले, त्यातल्या त्यात उंच झाड निवडलं आणि मला विचारलं, "केवढा कापू?" मी बोट दाखवलं. त्यांना कळलं नाही. त्यांनी दांडा मुळापाशी धरला. म्हटलं, "तिथं नाही. फुलाच्या खाली. बोटाएवढा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, दांड्याकडे बघितलं. मग कापला.

आम्ही दोघं गेलो. ते पहिल्यांदाच माझ्याबरोबर भिंतीपाशी आले. मी नळीत पाणी घातलं, फूल लावलं. मुठीएवढं फूल ते. पाटीवर पसरलं आणि त्याचं नाव झाकलं गेलं. मी जरा बाजूला केलं तर तारीख झाकली गेली. खाली केलं तर नळीतून निघून पडलं. ह्यांनी ते वाकून उचललं, पुसलं, आणि खिशात ठेवलं. नाव दिसायला हवं ना, म्हणाले.

वाफा अजून उभा आहे. शेजारीण आली होती, मी म्हटलं ने, हवी तेवढी ने.